नवा अवयव आणि जुनीं फुप्फुसें



इसवी सन १९६७ च्या डिसेंबर महिन्याच्या ३ तारखेस दक्षिण आफ्रिकेंतील केप टाऊन शहरीं एक अपूर्व शस्त्रक्रिया झाली. तेथील ग्रूट शूर रुग्णालयांत डॉ. ख्रिस्तिआन बर्नार्ड व त्यांचे सहकारी यांनीं लुई वॉशकान्स्की नांवाच्या एका दुकानदाराचें निकामी झालेलें हृदय काढून घेतलें आणि मोटारीच्या अपघातांत मरण पावलेल्या डेनिस डार्व्हाल या तरुणीचें हृदय त्या जागीं बसविलें. मनुष्याचें हृदय मनुष्याच्या छातींत बसविण्याचा हा जगांतील पहिला प्रयोग. सर्व जगाचे डोळे त्या एका खोलीकडे लागले. नवें हृदय धडधडूं लागलें. रोगी शुद्धीवर आला, बोलूं लागला, अन्न घेऊं लागला. शस्त्रक्रिया साधली असें सर्वांस वाटलें. पण अठराव्या दिवशीं, २१ डिसेंबर रोजीं, वॉशकान्स्की मरण पावले.

त्यांच्या मृत्यूचें मूळ कारण हृदयांत नव्हतें. दोन्ही फुप्फुसांना न्युमोनियानें ग्रासलें होतें. आणि या कथेंतील अधिक विचार करण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. मृत्यूच्या कांहीं दिवस आधीं त्यांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत फुप्फुसांवर सांवल्या दिसूं लागल्या, तेव्हां डॉक्टरांपुढें प्रश्न पडला कीं, या सांवल्या कशाच्या? शरीर परक्या हृदयाचा अव्हेर करूं लागलें आहे, कीं फुप्फुसांत रोगजंतु शिरले आहेत? पहिलें खरें असेल तर शरीराची प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें वाढवावयास हवींत. दुसरें खरें असेल तर तीं वाढविणें म्हणजे आगींत तेल ओतणें. डॉक्टरांनीं पहिलें खरें मानलें व औषधें वाढविलीं. खरें होतें तें दुसरें.

त्या एका प्रसंगांत आजच्या विषयाचें सारें मर्म सांठविलेलें आहे. अवयवारोपणाचें शास्त्र त्यानंतर फार पुढें गेलें. मूत्रपिंड, यकृत्, हृदय व फुप्फुस यांचें आरोपण आतां जगांत ठिकठिकाणीं होतें. मुंबई-पुण्याकडील लोकांनाहि त्याचें पूर्वींसारखें नवल राहिलेलें नाहीं. तथापि "ही सांवली कशाची?" हा प्रश्न अजूनहि अशा रोग्यांच्या बाबतींत वारंवार उभा राहतो, आणि त्याचें उत्तर लवकर व बिनचूक मिळण्यावर कित्येकांचें जगणें अवलंबून असतें.

मुळांत प्रतिकारशक्ति दडपावयाची तरी कशाला, अशी शंका साहजिकच मनांत येते. शरीराला आपलें कोणतें व परकें कोणतें याची उपजत ओळख असते. ज्या शक्तीच्या बळावर तें रोगजंतूंचा नाश करतें, त्याच शक्तीनें तें परक्या अवयवावरहि तुटून पडतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांतील पीटर मेडावार या शास्त्रज्ञानें भाजलेल्या रोग्यांवर लावलेल्या परक्या त्वचेचा अभ्यास केला, तेव्हां त्याला दिसून आलें कीं, एकाच दात्याची त्वचा दुसऱ्यांदां लावली तर ती पहिल्या वेळेपेक्षां लवकर गळून पडते. म्हणजे शरीर केवळ झिडकारतें असें नाहीं, तर तें लक्षांत ठेवतें. या विषयांतील संशोधनाबद्दल त्याला १९६० साली नोबेल पारितोषिक मिळालें. १९५४ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं मूत्रपिंडाचें पहिलें यशस्वी आरोपण केलें, तें अगदीं सारख्या अशा जुळ्या भावांमध्यें; म्हणूनच तेथें झगडा उद्भवला नाहीं. पण प्रत्येक रोग्याला जुळा भाऊ कोठून आणावयाचा? तेव्हां शरीराच्या या पहारेकऱ्याला गुंगी आणणें एवढाच मार्ग उरला.

ती गुंगी आणणारीं औषधें हळूहळू सांपडत गेलीं. प्रथम ॲझाथायोप्रिन व स्टेरॉइड. मग १९७० नंतरच्या दशकांत सायक्लोस्पोरिन, जें नॉर्वेंतील एका डोंगरपठारावरच्या मातींतील बुरशींतून मिळालें. पुढें जपानांतील मातींतल्या एका सूक्ष्मजंतूपासून टॅक्रोलिमस. या औषधांनीं आरोपण केलेले अवयव वर्षानुवर्षें टिकूं लागले. परंतु मोठ्या वाड्यांत पाहुणा उतरावयाचा म्हणून दिंडीदरवाजावरच्या पहारेकऱ्याला झोंपविलें, तर त्या दारानें पाहुणाच तेवढा आंत येईल असें नाहीं. चोरहि येतील. आणि शरीराच्या वाड्याचा सर्वांत मोठा, रात्रंदिवस उघडा राहणारा दरवाजा म्हणजे फुप्फुसें.

मनुष्य दिवसाकाठीं सुमारें दहा हजार लिटर हवा आंत घेतो. त्या हवेबरोबर धूळ, बुरशीचीं बीजें, जंतु व विषाणु हेहि येतात. फुप्फुसांतील कोट्यवधि वायुकोशांचें अस्तर इतकें नाजूक असतें कीं, प्राणवायु त्यांतून सहज रक्तांत उतरावा. जें दार प्राणवायूला इतकें मोकळें, तें शत्रूलाहि फारसें अवघड नसतें. निरोगी माणसाच्या फुप्फुसांत शिरलेलें बुरशीचें बीज तेथील भक्षक पेशी मुकाट्यानें गिळून टाकतात. त्याला त्याची खबरहि लागत नाहीं. आरोपणाच्या रोग्यांत मात्र तेंच बीज रुजूं शकतें.

या संकटांना एक प्रकारचें वेळापत्रक असतें. डॉक्टरांना तें फार उपयोगी पडतें. कारण दिवस मोजले कीं शत्रूचा अर्धा अंदाज येतो.

पहिले कांहीं दिवस शस्त्रक्रियेच्याच परिणामांचे असतात. छातीवर किंवा पोटावर मोठी जखम. श्वास घेतला कीं कळ येते. म्हणून रोगी उथळ श्वास घेतो व खोकला दाबतो. परिणामीं फुप्फुसांचा तळचा भाग फुग्यासारखा मिटून जातो व तेथें कफ सांचतो. यकृताच्या आरोपणांत उजव्या बाजूच्या श्वासपटलाजवळच काम चालतें. त्यामुळें उजव्या फुप्फुसाभोंवतीं पाणी सांठणें ही तर नेहमींची गोष्ट. शिरेंतून दिलेलें द्रव अधिक झालें, अथवा नवें मूत्रपिंड लगेच चालूं लागलें नाहीं, तर फुप्फुसांतच पाणी भरतें. या अवस्थेंत खरा उपचार पुष्कळदां अगदीं साधा असतो : वेदना शमवाव्यात, रोग्याला लवकर उठून बसवावें, चालवावें, खोल श्वास घेण्यास लावावें. यंत्राचा श्वास जितका लवकर सुटेल तितका बरा. घशांतील नळी जितके दिवस राहते, तितके दिवस रुग्णालयांतील निर्ढावलेल्या जंतूंना फुप्फुसांत उतरण्यास शिडी मिळते. पहिल्या महिन्यांतील न्युमोनिया बहुधा अशा जंतूंचा असतो. वॉशकान्स्कींचा घात याच जातीच्या शत्रूनें केला.

दुसऱ्या महिन्यापासून सुमारें सहाव्या महिन्यापर्यंतचा काळ निराळा. जखम भरलेली असते, रोगी घरीं आलेला असतो, नातेवाईक निर्धास्त होऊं लागतात. आणि नेमक्या याच वेळीं औषधांची गुंगी पुरी चढलेली असते. एरवीं ज्यांचें कांहीं चालत नाहीं असे शत्रु आतां डोकें वर काढतात. त्यांत सायटोमेगॅलो नांवाचा विषाणु प्रमुख. आपल्याकडील बहुतेक प्रौढ माणसांच्या शरीरांत तो लहानपणापासून झोंपलेला असतो. कधीं तो दात्याच्या अवयवाबरोबरच येतो. दुसरा न्युमोसिस्टिस. ही एक बुरशीच. पण वागणें असें चोरटें कीं, प्रथम कित्येक वर्षें शास्त्रज्ञ तिला निराळाच जीव समजत. रोग्याला कोरडा खोकला येतो, चार पायऱ्या चढतांना दम लागतो, आणि क्ष-किरण चित्रांत प्रारंभीं फारसें कांहीं दिसत नाहीं. या रोगाविरुद्ध मात्र एक स्वस्त व जुनें शस्त्र हातीं आहे. सल्फा वर्गांतील औषध ट्रायमेथोप्रिमच्या जोडीनें आरोपणानंतर कांहीं महिने नियमानें दिलें, कीं हा रोग बहुधा होतच नाहीं. ती एक लहानशी गोळी कंटाळून सोडून देणाऱ्या रोग्यास आपण काय सोडलें हें कळत नाहीं.

तिसरा शत्रु ॲस्परजिलस. कुजलेला पाला, खताचा ढीग, ओल धरलेलें धान्य, जुन्या भिंती पाडतांना उडणारी धूळ, या सर्वांत त्याचीं बीजें असतात. फुप्फुसांत रुजला कीं तो रक्तवाहिन्या फोडून आंत घुसतो आणि त्याला आवरणें फार कठीण जातें. त्याच्याच भाऊबंदांतील एक म्युकर, ज्याला लोक काळी बुरशी म्हणतात. १९२१ च्या नव्हे, अगदीं २०२१ च्या सालीं महाराष्ट्रानें त्याचा कहर पाहिला. ज्यांची रक्तांतील साखर स्टेरॉइडमुळें वाढली आहे, त्यांना त्याचें भय अधिक. आणि आरोपणाच्या रोग्यांत असे पुष्कळ असतात.

सहा महिन्यांनंतर औषधांचीं प्रमाणें उतरतात व भय ओसरतें. तें नाहींसें मात्र होत नाहीं. आतां येणारे आजार बहुधा चारचौघांना होणारेच असतात : इन्फ्लुएंझा, साधा न्युमोनिया, २०२० पासून कोविड. फरक इतकाच कीं, शेजाऱ्याला जो आजार चार दिवस निजवितो, तो या रोग्याला रुग्णालयांत पोंचवितो.

आणि हिंदुस्थानाच्या बाबतींत या यादीवर आणखी एक नांव ठळक अक्षरांत लिहिलें पाहिजे. तें म्हणजे क्षय. आपल्याकडील असंख्य माणसांच्या फुप्फुसांत क्षयाचे जंतु निद्रिस्त पडून असतात. जन्मभर ते जागे होत नाहींत. आरोपणानंतर ते जागे होण्याचा संभव सामान्य माणसापेक्षां कित्येक पटींनीं वाढतो. शिवाय त्याचें रूपहि बदलतें. संध्याकाळचा ताप, बेडक्यांतून रक्त, छातीच्या वरच्या भागांत पोकळी, हीं ओळखीचीं लक्षणें असतीलच असें नाहीं. कधीं केवळ वजन उतरतें, भूक मंदावते. त्यांतून उपचाराची एक विलक्षण अडचण. क्षयावरील रिफाम्पिसिन हें उत्तम औषध यकृताला असें चेतवितें कीं, सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस हीं औषधें शरीरांतून भराभर नाहींशीं होतात. क्षय बरा करावयास जावें तर दिलेला अवयव गमावण्याची पाळी! म्हणून अशा वेळीं रक्तांतील औषधाचें प्रमाण पुनःपुन्हां मोजावें लागतें, मात्रा कित्येक पटींनीं वाढवाव्या लागतात, किंवा रिफाम्पिसिनऐवजीं त्याच्या कुळांतील सौम्य औषध योजावें लागतें. परस्पर कोणा एका डॉक्टरानें क्षयाचीं औषधें सुरू केलीं आणि आरोपणाच्या डॉक्टरांना कळविलेंच नाहीं, तर अनर्थ ओढवतो.

सांवलीचीं कारणें येथेंच संपत नाहींत. कधीं तर तें औषधच दोषी ठरतें. ईस्टर बेटावरील मातींतून मिळालेलें सिरोलिमस हें औषध कांहीं रोग्यांच्या फुप्फुसांत दाह उत्पन्न करतें. औषध थांबविलें कीं सांवली विरते. कधीं पायांतील शिरेंत गोठलेलें रक्त वाहत जाऊन फुप्फुसांत अडकतें. पुढील वर्षांत क्वचित् लसीकापेशींचा कर्करोग तेथें गांठ धरतो. एकाच प्रकारच्या डागामागें इतकीं निरनिराळीं कारणें, आणि त्यांतील एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय, अशी ही कोंडी आहे.

जेथें फुप्फुसाचेंच आरोपण होतें, तेथें अडचणी आणखी दाटतात. १९६३ च्या जून महिन्यांत अमेरिकेंत मिसिसिपी संस्थानांत डॉ. जेम्स हार्डी यांनीं तो पहिला प्रयत्न केला. तो रोगीहि अठराच दिवस जगला. दीर्घकाळ टिकणारें यश यावयास १९८३ साल उजाडावें लागलें. तें टोरोंटो येथें डॉ. जोएल कूपर यांना लाभलें. याचें कारण उघड आहे. मूत्रपिंड किंवा हृदय शरीरांत झांकलेलें असतें. नवें फुप्फुस मात्र पहिल्या श्वासापासून बाहेरच्या हवेस तोंड देतें. त्याच्या मज्जातंतु तुटलेल्या असल्यामुळें तळाशीं कफ सांचला तरी खोकल्याची उबळ येत नाहीं. श्वासनलिकेच्या सांध्याला रक्तपुरवठा अपुरा पडतो. आणि हें सर्व निभावलें तरी कांहीं वर्षांनीं बारीक श्वासनलिका हळूहळू व्रणांनीं बुजत जाण्याचें भय असतें. पांच वर्षांत सुमारें निम्म्या रोग्यांना हा विकार कमीअधिक गांठतो, आणि गेलेली जागा परत मोकळी करणारा उपाय अद्यापि हातीं आलेला नाहीं.

आतां रोग्याच्या घरांत डोकावून पाहूं या. अशी कल्पना करावी कीं, सातारा जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याला त्याच्या वडील बहिणीनें आपलें एक मूत्रपिंड दिलें आहे. चौथ्या महिन्यांत त्याला थोडा खोकला येऊं लागतो. अंग कोमट लागतें, पण तापमापकांत निन्याण्णवाच्या वर पारा चढत नाहीं. "हवापालट झाली असेल," असें घरचे म्हणतात. शेजारीण प्रेमानें गुळवेलीचा काढा सुचविते. येथेंच दोन चुका होतात. पहिली ही कीं, ताप कमी म्हणून रोग हलका असें मानलें जातें. ताप, सूज, वेदना हा शरीराच्या पहारेकऱ्याचा आरडाओरडा असतो. स्टेरॉइडनें त्याचें तोंड बांधलेलें असल्यामुळें घर लुटलें जात असतांहि ओरड ऐकूं येत नाहीं. दुसरी चूक काढ्याची. प्रतिकारशक्ति वाढविणाऱ्या वस्तु इतरांस हितकर असोत वा नसोत. ज्याची ती शक्ति हेतुपुरस्सर आवरून धरली आहे, त्यानें डॉक्टरांस न विचारतां त्या घेऊं नयेत. बहिणीनें दिलेलें मूत्रपिंड त्या पेल्यांत घालवावें काय?

हा शेतकरी वेळींच रुग्णालयांत गेला, तर डॉक्टर काय करतात? साध्या क्ष-किरण चित्रावर न विसंबतां ते सी. टी. यंत्रानें फुप्फुसांचे पदर तपासतात. गरज दिसल्यास बारीक नळी श्वासमार्गांत उतरवून थोडें खारें पाणी आंत सोडतात व तें परत ओढून घेतात. त्या धुवणांत कोणता जंतु, कोणती बुरशी, कोणता विषाणु आहे, याचा शोध घेतात. केप टाऊनच्या डॉक्टरांस १९६७ साली यांतील पुष्कळ साधनें उपलब्ध नव्हतीं. तरीहि निर्णयाचें ओझें आजहि माणसावरच पडतें. रोग जिवावरचा ठरला तर प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें उतरवावीं लागतात, प्रसंगीं कांहीं बंदहि करावीं लागतात. इकडे आड, तिकडे विहीर! मूत्रपिंडाच्या रोग्यास निदान एक आसरा असतो. अवयव गेला तरी रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर तो जगूं शकतो. म्हणून तेथें डॉक्टर प्राण वांचवितात व मूत्रपिंडाची आशा दुय्यम मानतात. ज्या बहिणीनें आपल्या शरीराचा भाग दिला, तिला हें समजावून सांगणें सोपें नाहीं. पण तिनें तो भावासाठींच दिला होता, हें तिलाच सर्वांत आधीं उमगतें. हृदयाच्या रोग्यास असा सोयीचा आसरा नसतो; तेथें तोल अधिकच नाजूक.

या सर्वांवरून रोग्यानें व घरच्यांनीं ध्यानांत ठेवण्याच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या पाळणें अगत्याचें आहे. औषधाची वेळ चुकवूं नये व मात्रा स्वतःच्या मनानें बदलूं नये. नवा खोकला, नवा दम, किंवा थोडकाहि ताप आला तर दुसरा दिवस उजाडण्याची वाट पाहूं नये. धान्य पाखडणें, उकिरडा उपसणें, गोठा झाडणें, जुनी भिंत पाडणें अशीं कामें घरांतील दुसऱ्यानें करावीं. शहरांत खिडकीशीं सांचणाऱ्या कबुतरांच्या विष्ठेंतहि फुप्फुसांस बाधणारी बुरशी वाढते. ती साफ करणें या रोग्याचें काम नव्हे. पावसाळ्यांत भिंतींना ओल धरते, तिच्याकडे काणाडोळा करूं नये. धूम्रपान तर सर्वस्वीं वर्ज्य. न्युमोनिया व इन्फ्लुएंझा यांच्या लसी, शक्य तर शस्त्रक्रियेच्या आधींच, टोंचून घ्याव्यात. जिवंत जंतूंच्या लसी मात्र आरोपणानंतर सामान्यतः वर्ज्य समजतात. घरांत कोणास क्षयाचा खोकला असेल तर तो लपवूं नये. लाजेपोटीं लपविलेला खोकला दुसऱ्याचा प्राण घेतो.

वॉशकान्स्कींच्या मृत्यूनंतर अवघ्या बारा दिवसांनीं, २ जानेवारी १९६८ रोजीं, त्याच रुग्णालयांत डॉ. बर्नार्ड यांनीं फिलिप ब्लायबर्ग या दंतवैद्यावर तशीच शस्त्रक्रिया केली. या वेळीं रोग्याच्या खोलींत जंतूंचा शिरकाव होऊं नये म्हणून कडक बंदोबस्त ठेवण्यांत आला. ब्लायबर्ग बरे होऊन आपल्या घरीं गेले आणि एकोणीस महिने जगले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयारोपणाचा धाडसी प्रयत्न केला. तो रोगी कांहीं तासच जगला. पुढें १९९४ साली दिल्लीस हिंदुस्थानांतील पहिलें यशस्वी हृदयारोपण झालें. अपयशाच्या प्रत्येक पायरीवरून शास्त्र एकेक पाऊल वर चढलें, आणि त्या पायऱ्या म्हणजे कोणाचे ना कोणाचे प्राण होते.

दात्याच्या कुटुंबानें दुःखाच्या घटकेस मोठें मन करून, किंवा सख्ख्या नात्यानें स्वतःचें शरीर कापूं देऊन, जो अवयव दिलेला असतो, तो शस्त्रवैद्याच्या टांक्यांनीं जोडला जातो. पण तो टिकतो तो पुढच्या हजारों दिवसांच्या सावधगिरीवर. नव्या अवयवाकडे सर्वांचें लक्ष असतें. त्याच्याकरितां दार उघडें ठेवून बसलेल्या जुन्या फुप्फुसांकडेहि तितकेंच लक्ष दिलें, तर त्या दानाचें सार्थक होईल.